सुहैली कोणी बांधली?

आमच्या सोलापूर जिल्ह्याला समुद्र नाही. नद्या म्हणाल तर भीमा आहे, सीना आहे. पण वैशाखात सीनेचं पात्र पाहिलं की तिला नदी म्हणायला जीभ रेटत नाही. आम्ही राहतो ते चिंचोळी एमआयडीसीच्या जवळ. गच्चीवर उभं राहिलं की पत्र्याची छपरं, एक-दोन धुराडी आणि पुणे रस्त्यावरची ट्रकची रांग, एवढंच दिसतं. अशा ठिकाणी बसून ही बाई शिडाच्या बोटींवर काय लिहिणार, असं कुणाला वाटलं तर त्यात नवल नाही. पण शाळेत इतिहास शिकवण्यात माझी हयात गेली, आणि इतिहासाच्या माणसाला कुठल्याही विषयाचं वावडं नसतं.

निमित्त झालं ते नातीचं. २०२५ च्या मे महिन्यात नौदलातल्या दोन मुली, दिलना के. आणि रूपा ए., 'तारिणी' नावाच्या शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करून गोव्याला परत आल्या. २ ऑक्टोबर २०२४ ला निघाल्या होत्या. वाटेत चार ठिकाणी थांबल्या, बाकी सारे दिवस पाण्यावर. नातीने विचारलं, "आजी, आठ महिने त्या बोटीतच राहायच्या? स्वयंपाक, झोप, सगळं?" म्हटलं, हो गं. पण सांगता सांगता लक्षात आलं, की शिवरायांचं आरमार आणि कान्होजी आंग्रे सोडले तर समुद्राबद्दल मी मुलांना फारसं काही शिकवलंच नव्हतं. पाठ्यपुस्तकात तेवढंच होतं. मग शोधून वाचायला लागले, आणि वाचता वाचता एका बोटीपाशी अडकले. तिचं नाव 'सुहैली'.

ही बोट जन्माने मुंबईची. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन नावाचा एक तरुण इंग्रज अधिकारी ब्रिटिश इंडिया कंपनीच्या जहाजांवर नोकरीला होता. ही जहाजं मुंबई आणि इराणच्या आखातातल्या बंदरांमध्ये ये-जा करत. त्याच्या आणि त्याच्या सोबत्यांच्या मनात आलं, की नोकरी संपल्यावर विमानाने किंवा आगबोटीने घरी जाण्याऐवजी मुंबईत स्वतःची शिडाची बोट बांधून घ्यावी आणि तीतूनच इंग्लंड गाठावं. तरुण वयात माणसाला अशा कल्पना सुचतात! नॉर्वेतल्या जुन्या बचावबोटींच्या धर्तीवरचा एक आराखडा त्यांनी मिळवला. तो १९२० च्या दशकातला, म्हणजे तेव्हाही जुनाटच. पण बेत तडीस गेला. मुंबईत कुलाब्याच्या एका कारखान्यात १९६३ मध्ये काम सुरू झालं. लाकूड सागवान. लांबी बत्तीस फूट, रुंदी अकराएक फूट, डोलकाठ्या दोन. आखाती भागात आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याला 'सुहैली' म्हणतात, तेच नाव ठेवलं.

बोट तयार होईपर्यंत मूळचे भागीदार गळाले. अखेर १९६५ च्या डिसेंबरात रॉबिन, त्याचा धाकटा भाऊ ख्रिस आणि हाइन्झ फिंगरहूट हा मित्र असे तिघे मुंबईहून निघाले. त्यांनी महिना नेमका निवडला होता. हिवाळ्यात अरबी समुद्रावर ईशान्येचे वारे वाहतात. याच वाऱ्यांवर भरवसा ठेवून शेकडो वर्षं आपल्या किनाऱ्यावरची गलबतं अरबस्तानात आणि आफ्रिकेत जात होती. हे तिघे मस्कतमार्गे आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागले आणि एकेक बंदर घेत डर्बनला पोचले. तिथे गाठीचा पैसा संपला. मग काय, बोट बंदरात लावली, तिघांनी काही महिने नोकऱ्या केल्या, पैसे साठवले आणि पुन्हा शिडं चढवली. केपटाऊनहून निघाले ते कुठेही न थांबता १९६७ मध्ये इंग्लंडला पोचले.

बत्तीस फूट म्हणजे किती, ते डोळ्यांसमोर आणून पाहा. आमच्या एमआयडीसीत येणारा मोठा कंटेनर चाळीस फुटांचा असतो. त्याहून आखूड जागेत तीन माणसं, त्यांचे अंथरूण-पांघरूण, धान्य, पाणी, सुटी शिडं, दोर आणि हत्यारं. रागावून दुसऱ्या खोलीत जाऊन बसायची सोय नाही. मित्रांबरोबर बोटीतून देशोदेशी फिरायचं म्हटलं की आपल्यासमोर निळं पाणी आणि माडांची रांग येते. खरी परीक्षा असते ती दुसऱ्याच्या घोरण्याची, स्वयंपाकाच्या पाळीची आणि तांब्याभर पाण्याची.

सुहैलीचं नाव जगात झालं ते मात्र यानंतर. १९६८ मध्ये लंडनच्या संडे टाइम्स वृत्तपत्राने शर्यत जाहीर केली. एकट्याने, कुठेही न थांबता, शिडाच्या बोटीतून पृथ्वीला वळसा घालायचा. हे तोवर कुणीच केलं नव्हतं. नऊजण उतरले. रॉबिन १४ जून १९६८ ला फालमथहून निघाला. इतरांपैकी काहींच्या बोटी मोठ्या होत्या, वेगवान होत्या. सुहैली हळू चालणारी, पण मजबूत. वाटेत तिच्या तळाकडून पाणी आत येऊ लागलं, तेव्हा हा गडी समुद्रात बुडी मारून फटीत कापूस ठोकत बसला. दक्षिण समुद्रात बोट कलंडली आणि पिण्याच्या पाण्याच्या टाक्या नासल्या. पुढे त्याने शिडावर पडलेलं पावसाचं पाणी धरून दिवस काढले. रेडिओ बंद पडला. बोट आपोआप दिशेवर ठेवणारी यंत्रणा मोडली. न्यूझीलंड सोडल्यावर कित्येक महिने त्याची काही खबर नव्हती. २२ एप्रिल १९६९ ला, ३१२ दिवसांनी, तो फालमथला परत आला. नऊजणांत शर्यत पुरी करणारा तो एकटाच. डोनाल्ड क्रोहर्स्ट हा स्पर्धक वाटेत जिवाला मुकला होता. बक्षिसाचे पाच हजार पौंड रॉबिनने त्याच्या बायकोला देऊन टाकले. पुढे १९९५ मध्ये त्याला 'सर' हा किताब मिळाला.

इथपर्यंतचा इतिहास जगाला ठाऊक आहे. मला पुढचा प्रश्न पडतो. ज्या बोटीने हे केलं, ती बांधली कोणी?

रॉबिनने स्वतः लिहून ठेवलं आहे, की मुंबईच्या सुतारांनी ही बोट जुन्या पद्धतीने, हाताने बांधली. लाकूड तासायला वाकस आणि भोकं पाडायला दोरीने फिरवायचा सामता. आता वाकस आणि सामता हे शब्दसुद्धा नव्या पिढीला सांगावे लागतात. वाकस म्हणजे कुदळीसारखं आडवं पातं असलेलं तासण्याचं हत्यार. सामता म्हणजे धनुकलीच्या दोरीने फिरणारं गिरमिट. या दोन हत्यारांनी आपल्या माणसांनी सागाचा असा सांगाडा उभा केला, की दक्षिण समुद्राच्या लाटांनीही तो मोडला नाही. पण त्या सुतारांची नावं मला कुठल्याही वाचनात सापडली नाहीत. रॉबिनचं नाव सापडतं, त्याच्या भावाचं सापडतं, आराखडा काढणाऱ्याचंही सापडतं. सुतारांचा उल्लेख येतो तो 'मुंबईचे कारागीर' एवढाच.

मुंबईला हे नवीन नाही. सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांनी १७३६ मध्ये मुंबईत जहाजबांधणीला आरंभ केला. वाडिया घराण्याने पुढे पिढ्यान्‌पिढ्या जहाजं बांधली. त्यांनी बांधलेली 'त्रिंकोमाली' १८१७ मध्ये पाण्यात उतरली आणि ती आजही इंग्लंडात हार्टलपूल इथे जपून ठेवली आहे. दोनशे वर्षांपूर्वीचा साग अजून शाबूत! वाडियांचं नाव राहिलं, आणि ते राहायलाच हवं. पण त्यांच्या गोदीत वाकस चालवणारे शेकडो हात होते. ते हात कुणाचे होते?

याचं एक कारण आपल्यातच आहे. आपल्याकडे ज्यांच्या हाती लेखणी होती, त्यांनी समुद्र ओलांडणं निषिद्ध ठरवलं. परदेशी जाऊन आलेल्याला प्रायश्चित्त घ्यावं लागे, हे आपण सारे वाचत आलो आहोत. पण ही बंदी पाळली कोणी? कोळी, खारवी, गाबीत, भंडारी ही मंडळी तर रोज समुद्रावर जात होती. त्यांच्यातलेच तांडेल आणि खलाशी वारा नि तारे पाहून गलबतं हाकत होते. म्हणजे झालं असं, की लिहिणारे समुद्रावर गेले नाहीत आणि जाणारे लिहिते नव्हते. कुठल्या महिन्यात वारा फिरतो, कुठल्या खडकापाशी पाणी उथळ आहे, कुठल्या लाकडाला कीड लागत नाही, हे सगळं ज्ञान बापाकडून मुलाकडे तोंडी गेलं, आणि जिथे मुलगा दुसऱ्या धंद्याला लागला तिथे ते संपलं. इंग्रज माणूस मुंबईत बोट बांधून घेतो, तीतून घरी जातो आणि घरी गेल्यावर पुस्तक लिहितो. म्हणून बोट त्याची होते.

आता पुढची गोष्ट ऐका, कारण चित्र नेहमी असंच राहिलं नाही.

शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पहिली भारतीय तुकडी लष्कराच्या अभियंता दलाची. 'तृष्णा' नावाच्या सदतीस फुटी बोटीतून हे अधिकारी २८ सप्टेंबर १९८५ ला मुंबईहून निघाले आणि बेटं, बंदरं घेत घेत १० जानेवारी १९८७ ला मुंबईला परतले. मात्र बोट परदेशी बांधणीची होती. मुंबईच्या बोटीतून इंग्रजाने जग जिंकलं आणि विलायती बोटीतून आपण, असा हा उलटा न्याय.

बोटही आपली आणि माणूसही आपला, हे जमवून आणायचं मनावर घेतलं ते व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांनी. १९७१ च्या युद्धात लढलेले, वीरचक्र मिळालेले हे गृहस्थ निवृत्तीनंतर कुठे राहिले असतील? समुद्रकाठी नाही. फलटण तालुक्यातल्या विंचुर्णी या लहानशा गावी! फलटणचा तो भाग आमच्यासारखाच, आभाळाकडे डोळे लावून बसणारा. त्या कोरड्या माळावर बसून हा म्हातारा सागर परिक्रमेचा ध्यास घेऊन होता. मला यात मोठं समाधान वाटतं. समुद्राचं वेड लागायला समुद्र दारात असावा लागत नाही. आमच्या सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी नाही का सिंदिया कंपनी उभी केली? तिची 'लॉयल्टी' ही आगबोट ५ एप्रिल १९१९ ला मुंबईहून लंडनला निघाली, आणि म्हणूनच ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन आहे. आमच्या शाळेत हा दिवस कधी साजरा झाल्याचं आठवत नाही. वार्षिक परीक्षेची गडबड असते त्या दिवसांत.

असो. आवटींच्या कल्पनेला नौदलाने मान्यता दिली आणि २००६ मध्ये कमांडर दिलीप दोंदे या अधिकाऱ्याने 'मी जातो' म्हणून नाव दिलं. तयारी शिकायला ते गेले कुणाकडे? सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे! मुंबईच्या सुतारांच्या बोटीने ज्याला नाव दिलं, त्याच्याकडूनच मुंबईच्या नौदल अधिकाऱ्याने धडे घेतले. इतिहासात असे हिशेब कधी कधी चुकते होतात.

बोट बांधली गोव्यात. मांडवी नदीत दिवाडी नावाचं बेट आहे. जुन्या गोव्याहून फेरीबोटीने तिथे जातात. त्या बेटावर रत्नाकर दांडेकर यांचा बोटी बांधण्याचा कारखाना आहे. महासागरात एकट्याने न्यायची बोट त्यांनी त्याआधी कधी बांधली नव्हती. आराखडा डच, लांबी छप्पन्न फूट, लाकडाच्या पट्ट्यांवर फायबरग्लासचा थर. तिला 'म्हादेई' नाव दिलं. मांडवी नदीचंच हे दुसरं नाव. फेब्रुवारी २००९ मध्ये बोट नौदलात दाखल झाली. १९ ऑगस्ट २००९ ला दोंदे मुंबईहून निघाले, फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅनली आणि केपटाऊन या चार ठिकाणी थांबले आणि १९ मे २०१० ला मुंबईला पोचले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. मला विशेष वाटतं ते हे, की परत आल्यावर त्यांनी सगळी हकिकत लिहून काढली, पुस्तक केलं. सुकाणू आणि लेखणी एका हातात आली. पुढे अभिलाष टॉमी याच म्हादेईतून १ नोव्हेंबर २०१२ ते ३१ मार्च २०१३ असे एकटे, कुठेही न थांबता फिरून आले.

मग आली तारिणी, तीही दिवाडीच्याच कारखान्यातली, पंचावन्न फुटांची. दिलना आणि रूपाच्या आधी, १० सप्टेंबर २०१७ ला, वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली नौदलाच्या सहा मुली तिच्यातून निघाल्या होत्या. प्रतिभा जामवाल, पी. स्वाती, ऐश्वर्या बोड्डपाटी, विजया देवी आणि पायल गुप्ता या बाकीच्या पाचजणी. त्यांना तयार केलं दोंदे यांनीच. सहाजणी एका बोटीत, जागायच्या पाळ्या ठरलेल्या, कारण समुद्र रात्री झोपत नाही. आमच्या एमआयडीसीतली बाई रात्रपाळी करून येते तशी ही एक रात्रपाळी, फरक इतकाच की सुटी झाल्यावर घरी जायची बस नाही. परतीच्या वाटेवर सुकाणूची यंत्रणा बिघडली, मॉरिशसला थांबून ती दुरुस्त केली आणि २१ मे २०१८ ला त्या गोव्याला पोचल्या. आठ महिन्यांहून जास्त काळ झाला होता. आवटी त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात गेले. हे पाहून गेले, ही मोठीच गोष्ट.

बोटीवरच्या राहणीबद्दल वाचताना मला सगळ्यात ओळखीचं काही वाटलं असेल तर ते पाण्याचा हिशेब. चहूकडे पाणी आणि पिण्याचं मात्र मोजून. १९७२ च्या दुष्काळात मी कॉलेजात होते. एका हंड्यात आमचं घर दिवस काढायचं. भाजी धुतलेलं पाणी भांड्याला, भांड्याचं झाडाला. अजूनही आमच्याकडे नळाला पाणी येतं ते काही दिवसांआड. पाऊस आला की पन्हाळीखाली बादली लावणारी बाई आणि शिडावरचं पाणी भांड्यात धरणारा खलाशी यांना एकमेकांची भाषा नक्की कळेल. म्हणून मी नातीला म्हटलं, बोटीवर राहायला सोलापूरकर काही नालायक नाहीत. पोहणं तेवढं शिकून घ्यावं लागेल!

आता पुन्हा माझ्या मूळ प्रश्नाकडे येते. १९६५ ची सुहैली आणि २००९ ची म्हादेई यांत फरक काय पडला? म्हादेई बांधणाऱ्याचं नाव आपल्याला माहीत आहे. दांडेकरांच्याच कारखान्यात पुढे खुद्द सुहैलीच्या आराखड्यावर 'तुरिया' ही बोट बांधली गेली आणि २०१८ च्या शर्यतीत अभिलाष टॉमी ती घेऊन उतरले. दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात तिच्या डोलकाठ्या मोडल्या, टॉमींच्या पाठीला जबर इजा झाली, आणि तीन दिवसांनी एका फ्रेंच जहाजाने त्यांना वाचवलं. डोलकाठ्या गेल्या तरी बोट पाण्यावर तरंगत राहिली होती, हे विसरू नये. पुढच्या, २०२२-२३ च्या शर्यतीत दुसऱ्या एका बोटीतून हेच टॉमी दुसरे आले. म्हणजे मालकाचं नाव कळलं, खलाशाचं कळलं. पण दिवाडीच्या कारखान्यात लाकडाच्या पट्ट्या जोडणारे, फायबरचा थर चढवणारे, पॉलिश करणारे जे हात होते, त्यांची नावं आपल्याला आजही ठाऊक नाहीत. अर्धी वाट चाललो आहोत, अर्धी बाकी आहे.

आणि हे केवळ बोटींचं थोडंच आहे? सोलापुरी चादरीवर कारखान्याचं नाव विणलेलं असतं. विणणाऱ्याचं नसतं. माझे कितीतरी विद्यार्थी इथे चिंचोळीत आणि अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत कामाला लागले. कुणी लेथवर आहे, कुणी टॉवेलच्या मागावर, कुणी वेल्डर. त्यांच्या हातचा माल कुठल्या देशात जातो, हे बहुतेकांना माहीत नसतं. एकदा एक विद्यार्थी भेटला, म्हणाला, "बाई, मी केलेला पार्ट कुठल्या मशीनला लागतो, ते मला अजून बघायला मिळालं नाही." सहज बोलून गेला तो. मला मात्र ते वाक्य पुष्कळ दिवस पुरलं.

कुणी म्हणेल, बाई, नावं लिहून काय होणार? बोट तर चाललीच ना? चालली. पण नाव नोंदलं गेलं नाही की त्यामागचं शहाणपणही नोंदलं जात नाही. सागाची कुठली फळी पाण्याखाली आणि कुठली वर घ्यायची, हे कुलाब्याच्या त्या सुताराला कळत होतं. त्याला कुणी विचारलं असतं, चार ओळी लिहून घेतल्या असत्या, तर पुढे कामाला लागणाऱ्याला सारं नव्याने शिकावं लागलं नसतं. आपल्याकडे एकदा सापडलेली विद्या पुन्हा पुन्हा हरवते, ती अशी.

तेव्हा एक विनंती. तुमच्या आजोबांनी, पणजोबांनी मुंबईच्या गोदीत, कुलाब्याच्या कारखान्यात, मालवण-वेंगुर्ल्याच्या किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर बोटी बांधल्या असतील, तर घरात शोधा. एखादा फोटो असेल, पगाराचं कार्ड असेल, माळ्यावर गंजलेला वाकस असेल. घरातलं कुणी वडीलधारं अजून सांगण्याच्या स्थितीत असेल, तर वही घेऊन त्यांच्यापाशी बसा. त्यांचं पूर्ण नाव, गाव, कुठल्या साली कुठे काम केलं आणि काय बांधलं, एवढं लिहिलंत तरी पुरे. शुद्धलेखनाच्या चुका झाल्या तरी चालतील, हे एक निवृत्त मास्तरीण सांगते आहे!